इंजिन ओव्हरफ्लो झालंय की कोरडं पडलंय?

मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल, तर बाहेरून दिसणारं चित्र एकच असतं. पंखा फिरवून फिरवून खांदा भरून येतो आणि इंजिन हूं की चूं करत नाही. आत मात्र दोन अगदी उलट प्रकार घडलेले असू शकतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालेलं असतं, नाहीतर ते तिथवर पोचलेलंच नसतं. एकावरचा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनाला पुन्हा चोक (हवा अडवून जास्त पेट्रोल ओढायला लावणारी झडप) लावला की ते आणखी बुडतं. कोरड्या इंजिनाला चोक काढून तासभर फिरवलं तरी ते कोरडंच राहतं.

म्हणून कार्ब्युरेटरच्या सुयांना, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूंना, हात लावायच्या आधी इग्निशन बंद करा आणि प्लग काढून बघा. अनेकजण नेमकं उलटं करतात. मागच्या आठवड्यात झकास चाललेल्या इंजिनाची सुई आपोआप बिघडत नाही, पण ती एकदा फिरवली की मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात नवी भर पडते.

प्लग ओला, टोकावर पेट्रोल चमकतंय, कार्ब्युरेटरच्या तोंडातून थेंब गळतायत, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. याचं नेहमीचं कारण यंत्रात नसून कानात असतं. चोक लावून, इग्निशन चालू ठेवून पंख्याला झटके दिले की इंजिन एकदा ‘फट्’ करतं. तिथेच चोक काढायचा असतो. हा आवाज कधीकधी इतका दबका असतो की वाऱ्यात ऐकूच येत नाही, आणि पुढचा प्रत्येक झटका पेट्रोल आत ओढत राहतो. इंजिन उलटं बसवलेलं असेल, म्हणजे सिलिंडर खाली, तर ते सगळं थेट प्लगवर जमतं.

इलाज सोपा आहे. प्लग बाहेर, चोक काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद, आणि पंखा भराभर फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं. प्लग पुसून, वाळवून परत बसवायचा. पुन्हा सुरू करताना थ्रॉटल खाली आणायला विसरू नका. पूर्ण उघड्या थ्रॉटलवर पेटलेलं इंजिन हात मागे घ्यायला वेळ देत नाही.

प्लग कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वासही नाही, असं असेल तर शोध लांबतो. याची आणखी एक ओळख: चोकवर इंजिन पेटतं, दोनतीन सेकंद चालतं, मरतं, आणि दर वेळी तेच. प्लगच्या भोकात पेट्रोलचे दोनचार थेंब सोडून, प्लग लावून झटका द्या. क्षणभर पेटलं तर ठिणगी शाबूत आहे, दोष टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेत आहे.

ही वाट नीट समजून घ्यावी. या इंजिनांवर सहसा असणाऱ्या वॉलब्रो पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, नसतो, त्यामुळे विमान उलटं झालं तरी चालतं. पेट्रोल ओढायला आत पातळ पडद्याचा पंप असतो आणि तो क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या) दाबाच्या चढउतारावर हलतो. हाताच्या झटक्यांनी हा दाब जेमतेमच तयार होतो, म्हणून चोक लागतो. गॅस्केट (जोडामधला पातळ थर) उलटं बसून त्या दाबाचं बारीक भोक झाकलं गेलं तर पंप मेलाच. पंपाच्या झाकणाखालची बारीक जाळी कचऱ्याने भरते. इंजिन बरेच महिने पडून राहिलं की पडदे कडक होतात. टाकीची हवेची नळी बंद असेल, किंवा टाकीच्या आतली नळी तडकून हवा ओढत असेल, तरी परिणाम तोच. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते. पेट्रोलसाठीचीच नळी वापरावी. गंमत म्हणजे हाच कार्ब्युरेटर ओव्हरफ्लोही करतो: पेट्रोलची आवक रोखणाऱ्या आतल्या सुईखाली कचरा अडकला की ती मिटत नाही आणि पेट्रोल झिरपत राहतं.

फसवणारा प्रकार वेगळाच आहे. प्लग ओला असतो, पण ओव्हरफ्लो हे कारण नसून परिणाम असतो. ठिणगीच पडत नसल्याने आलेलं पेट्रोल जळत नाही आणि साचतं. वाळवून परत लावलेला प्लग लगेच पुन्हा ओला झाला, मधे एकदाही ‘फट्’ ऐकू आलं नाही, तर ठिणगी तपासा. प्लग कॅपमध्ये घट्ट बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथली वाफ पेट घेते. मग पंखा हाताने फिरवून हबवरचं (पंखा बसतो त्या भागावरचं) चुंबक सेन्सरसमोरून न्या. ठिणगी दिसली पाहिजे. कॅपमध्ये प्लग नसताना इग्निशन कधीही चालवू नका, त्याचं सर्किट जळू शकतं. ठिणगी नसेल तर आधी बॅटरी आणि स्विच, मग सेन्सरची वायर, मग प्लगची फट. ती साधारण अर्धा मिलिमीटर असते.

हे सगळं ठीक निघालं तरच सुयांकडे वळा. दोन्ही सुया हलकेच बंद करून साधारण दीड फेरा उघडल्या की बहुतेक इंजिनं निदान पेटतात. बारीक जुळणी इंजिन गरम झाल्यावर करायची.