कोमटपणा (ख्रिस्ती श्रद्धा)

श्रद्धा सोडलेली नाही पण धड धरलेलीही नाही, अशा ख्रिस्ती माणसाच्या अवस्थेला कोमटपणा म्हणतात. बाप्तिस्मा झालेला असतो, लग्न चर्चमध्येच लागलेलं असतं, पोरं संडे स्कूलला जातात, भिंतीवर क्रूस आहे, पण पैशाचा व्यवहार असो की भावाशी चाललेला जागेचा वाद, तिथे देवाचा काही संबंध येतो हे डोक्यातच येत नाही. याच्या उलट संपूर्ण मनाने केलेलं समर्पण. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) अशा माणसाला 'नामधारी ख्रिस्ती' पण म्हणतात, आणि गंमत म्हणजे हा शब्द लोक कायम दुसऱ्याबद्दल वापरतात.

बायबलमधला आधार

मूळ चित्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणाच्या ३ऱ्या अध्यायातलं. लावदिकीया इथल्या मंडळीला ख्रिस्ताचा पत्रातून निरोप जातो की तू थंड नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. हे शहर आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ. उत्तरेला साधारण १० किमीवर हिरापोलीस, तिथे गरम पाण्याचे झरे, आजही पर्यटक जातात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी थंडगार. लावदिकीयाला मात्र पाणी नळाने आणावं लागायचं, आणि त्या दगडी पाइपांमध्ये साचलेला क्षार आजही उत्खननात दिसतो. प्रवचनात नेहमी सांगतात की उष्ण म्हणजे आवेशी आणि थंड म्हणजे देवाला नाकारणारा, पण मग देव 'थंड असतास तरी बरं होतं' असं कशाला म्हणेल? म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की गरम पाण्याने अंग शेकतं, थंड पाण्याने तहान भागते, दोन्ही कामाचे, कोमट तेवढं बिनकामाचं. मला हाच अर्थ जास्त पटतो.

पण त्या पत्रातला खरा मुद्दा पाण्याच्या पुढच्या ओळीत आहे. 'मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही' असं ही मंडळी म्हणत होती. शहर होतंच तसं, सावकारी पेढ्या, काळ्या लोकरीचा धंदा, आणि इ.स. ६० च्या भूकंपात पडझड झाली तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने परत उभं राहिलेलं (हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय). म्हणजे कोमटपणाचं कारण शंका नाही, छळ नाही, तर सगळं ठीक चाललंय ही भावना. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, कारण लोक शंका घेणाऱ्यालाच कोमट म्हणून मोकळे होतात. मार्कच्या ९व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. तो अर्धा विश्वास घेऊन आलाय पण आलाय पूर्ण मनाने, आणि त्याचं पोरगं बरं होतं.

उलट उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचं. जमीन विकली, काही पैसे ठेवून घेतले आणि सगळे दिले असं दाखवलं. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला सरळ सांगतो की जमीन तुझीच होती, पैसेही तुझेच होते. म्हणजे अर्धे दिले हा दोष नव्हताच, अर्धे देऊन पूर्ण दिल्याचा आव आणला हा दोष. जुन्या करारात अमस्या राजाबद्दल लिहिलंय की त्याने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केलं पण पूर्ण मनाने नाही, तर मोशेच्या काळातला कालेब मात्र देवाच्या मागे पूर्ण मनाने चालला म्हणून त्याला वचनदत्त देशात, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या देशात, जायला मिळालं.

चर्चच्या इतिहासात

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती होण्यात जिवाला धोका होता, त्यामुळे अर्ध्या मनाने येणारे कमी असावेत. इ.स. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर गर्दी वाढली, आणि त्याच काळात कडक जीवन जगायला वाळवंटात जाणारे साधूही वाढले. स्वतः कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये मरणाच्या दारात. संत ऑगस्टीन तरुणपणी प्रार्थना करायचा की देवा मला शुद्ध कर, पण आत्ताच नको. आपल्याकडे हेच 'रिटायर झालो की चर्चचं काम करणार' या रूपात ऐकू येतं. कॅथलिक धर्मशिक्षणात कोमटपणा हे देवाच्या प्रेमाविरुद्धच्या पापांमध्ये उदासीनता आणि कृतघ्नतेच्या पंगतीला बसवलंय.

मुंबई आणि आसपास

या विषयावर, विशेषतः कोमटपणाच्या उलट टोकाच्या माणसांबद्दल, मुंबईकडे सांगण्यासारखं बरंच आहे. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये इथे आला, थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारून गरीब वस्तीत अगदी साध्या जागेत राहिला, 'बॉम्बे गार्डियन' हे वर्तमानपत्र चालवलं आणि १८८८ मध्ये इथेच वारला, मध्ये एकदाही मायदेशी गेला नाही. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. वसईचा गोन्सालो गार्सिया जपानमध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंबरोबर राबला, त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही, मग व्यापार केला, पैसाही कमावला, आणि शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर (धर्मबंधू) झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्याला क्रूसावर चढवलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं.

पण मला स्वतःला या दोघांपेक्षा पंडिता रमाबाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू, विधवांसाठी जीव तोडून काम, यात कोमट काय आहे सांगा. तरी त्यांनीच पुढे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे धावपळ भरपूर असूनही आत काहीतरी राहिलेलं असू शकतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उलट बाजूने हात घातला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. मंडळीतल्या बऱ्याच लोकांना तेव्हा हे झेपलं नाही.

आजच्या मुंबईत मोजमाप बहुतेक हजेरीवर चालतं. २४ डिसेंबरच्या रात्री चर्चबाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात आणि जानेवारीत बाकं रिकामी, मग फादर किंवा पाळकसाहेब टोमणा मारतात. नव्या प्रार्थना संगतीतले लोक जुन्या मंडळीला कोमट म्हणतात कारण तिथे कुणी मोठ्याने हालेलुया म्हणत नाही, जुने लोक म्हणतात नुसता आवाज आहे. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना (नवसाची खास प्रार्थना), सप्टेंबरमध्ये बांद्र्याची जत्रा आणि तिथे वाहिले जाणारे मेणाचे हातपाय, यांनाही काहीजण 'नवसापुरता देव' म्हणून नाक मुरडतात, पण पोराच्या आजारपणासाठी तास-दोन तास लाईनमध्ये उभ्या राहिलेल्या बाईला 'मला कशाची गरज नाही' असं नक्कीच वाटत नसतं. रविवारी ड्युटी असलेल्या नर्स, वॉचमन, मॉलमधल्या पोरी यांचं काय हाही प्रश्न असतोच. कॅथलिकांमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची म्हणून धरतात, काही जुनेजाणते याला सवलत घेणं म्हणतात, पण अंधेरीहून शिफ्ट संपवून विरार लोकलने लटकत परत येऊन मिस्सेला बसणाऱ्याला ते कोमट म्हणत असतील तर त्यांनी लावदिकीयाचं पत्र परत वाचावं.