शॉवरच्या फरशीखालचा मसाला अर्धओला का असतो?

आपल्या बाथरूममधील शॉवरच्या जागेचे काम आपण आमच्याकडे सोपविले आहे. टाइल्सखाली अंथरावयाचा सिमेंट-रेतीचा मसाला आमचे मिस्त्री प्लास्टरच्या मसाल्यासारखा सैल न करता जवळपास कोरडा ठेवतात. तो पाहून बरेच ग्राहक काळजीपोटी त्यात पाणी वाढविण्यास सांगतात. तसे कृपया सांगू नये. त्याची कारणे येथे देत आहोत.

शॉवरच्या तळाला नहाणी ट्रॅपच्या (पाणी बाहेर जाण्याच्या जाळीच्या) दिशेने दर फुटाला सुमारे पाव इंच उतार लागतो, आणि तोही चारही बाजूंनी. सैल मसाला आपल्याच वजनाने पसरून सपाट होतो, त्यामुळे त्यात असा उतार टिकत नाही. शिवाय सिमेंटला लागते त्याहून जास्त असलेले पाणी पुढे उडून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि थर आकसून त्याला भेगा पडतात. अर्धओला मसाला मात्र ठोकून घट्ट बसविता येतो आणि पाट्याने (सरळ लांब पट्टीने) कापून हवा तसा उतरता करता येतो.

आम्ही 1 घमेले सिमेंटला 4 घमेली रेती घेतो. पाण्याचे ठरावीक माप मात्र आम्ही देत नाही, कारण ते रेतीवर अवलंबून असते. कन्हान नदीची रेती असो वा कारखान्यातील दगडी चुरा, ढीग उघड्यावर भिजला असेल तर त्यातच बरेच पाणी असते. त्यातही एक गंमत आहे: किंचित ओलसर रेती फुगते आणि कोरड्या रेतीपेक्षा पाव हिश्श्यापर्यंत जास्त जागा व्यापते, म्हणजे घमेले भरलेले दिसले तरी त्यात रेती कमीच येते. अशा वेळी मिस्त्री थोडी रेती वाढवून घेतात. ती मापातील चूक नव्हे. तसे न केल्यास सिमेंटचे प्रमाण वाढते आणि जास्त सिमेंटचा थर जास्त आकसतो.

सिमेंट आणि रेती आधी कोरडीच, एकसारखा रंग येईपर्यंत, लोखंडी पत्र्यावर कालवावी. जमिनीवर कालवल्यास माती मिसळते. नंतर पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. मसाला मुठीत दाबला असता लाडू वळला पाहिजे, तळहातावर पाणी उतरता कामा नये आणि लाडू खाली टाकताच फुटला पाहिजे. न वळल्यास आणखी शिंपडावे. हात ओला झाल्यास त्याच प्रमाणातील कोरडे मिश्रण घालावे, नुसते सिमेंट नव्हे. पाणी नळाचे असावे, कारण बोरच्या क्षारयुक्त पाण्याने पुढे टाइल्सच्या सांध्यांवर पांढरे पुट येऊ शकते.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना मसाला फार लवकर सुकतो. म्हणून त्या दिवसांत आम्ही सकाळीच काम घेतो, सावलीत थोडा थोडा माल कालवतो आणि तो अर्ध्या तासात संपवितो. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरणे आम्ही मान्य करीत नाही, मग अर्धे घमेले फेकावे लागले तरी चालेल.

हा थर पाणी अडवीत नाही. ते काम त्याखालील वॉटरप्रूफिंगचे असून, मसाला टाकण्यापूर्वी त्यावर 48 तास पाणी साठवून आम्ही गळती तपासतो.

मसाल्यात पाणी मोजकेच असल्यामुळे ते उडून जाऊ न देणे महत्त्वाचे असते. दुसऱ्या दिवसापासून किमान 7 दिवस थर हलक्या शिंपणीने ओलसर ठेवून प्लास्टिकच्या कागदाने झाकावा, त्यावर बादली आपटू नये आणि पंखा लावून तो वाळवू नये. त्यानंतर टाइल्स चिकटविल्या जातात.

साहित्य आपण आणणार असाल, तर 3 फूट बाय 4 फूट जागेसाठी, सरासरी 2 इंच जाडी धरल्यास, 50 किलोच्या गोणीतील जवळपास निम्मे सिमेंट लागते. गोणी ताजी आणि गुठळ्या नसलेली पाहून घ्यावी.