विमान लागणे (लष्करी वैमानिक प्रशिक्षणातील)

गाडी लागणे, बोट लागणे या जातीचाच, उड्डाणात होणारा त्रास. आरंभ पुष्कळदा जांभयांनी होतो. मग चेहरा पांढराफटक पडतो, तोंडात लाळ दाटते, थंड घाम फुटतो आणि शेवटी ओकारी होते. हवाई कसरतींच्या पहिल्या काही उड्डाणांत तो अधिक आढळतो. त्याला भित्रेपणाचे लक्षण मानणे चूक आहे. निरोगी अंतर्कर्णाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया होय.

अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याची, तर दोन कोश सरळ गतीची व गुरुत्वाची जाणीव देतात. ही जाणीव आणि डोळ्यांना दिसणारे यांचा मेळ न बसल्याने त्रास होतो, या कल्पनेचा उगम साधारणपणे अर्विन यांच्या १८८१ मधील लेखात मानतात. रीझन व ब्रँड यांनी १९७५ मध्ये तिला नेमके रूप दिले : विसंगती केवळ इंद्रियांत नसते, तर मेंदूने पूर्वानुभवावरून बांधलेल्या अपेक्षेशीही असते. ट्राइझमन (१९७७) यांच्या मते ही विसंगती मेंदूला विषबाधेसारखी भासते, म्हणून तो पोट रिकामे करवतो. अंतर्कर्ण काढलेल्या कुत्र्यांत काही विषांनी होणारी ओकारी कमी झाल्याचा प्रयोग (१९८३) याला पोषक ठरतो. मात्र ओकारी ‘का’ होते याचेच हे उत्तर आहे, त्रास कशाने सुरू होतो याचे नाही. रिचिओ व स्टॉफ्रेगेन (१९९१) तोल सावरता न येण्याला मूळ कारण ठरवतात. तरीही विमान चालवण्याचा दांडा हाती असलेल्याला त्रास कमी आणि शेजारी नुसत्या बसलेल्याला जास्त का होतो, हे अपेक्षेच्या उपपत्तीने अधिक सरळ उलगडते.

मुख्य उपाय सवयीचा. प्रशिक्षणार्थीला बारानी खुर्चीत बसवून फिरवतात व डोके वाकवायला, वळवायला सांगतात. मळमळ वाढली की थांबायचे, ती ओसरली की पुन्हा. रोज थोडी मर्यादा वाढते. उड्डाणात नजर क्षितिजावर ठेवणे, डोके स्थिर राखणे व थंड हवेचा झोत उपयोगी पडतो. स्कोपोलामाइन या औषधाने गुंगी येते, जवळचे धूसर दिसते; एकल उड्डाणाला ते योग्य नाही.

प्राणवायूच्या मुखवट्यात ओकारी झाल्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो. मुखवटा वेळीच सोडावा लागतो. इतर आणीबाणीत क्रम ठरलेला : आधी विमान सावरणे, मग दिशा, मग संदेश (‘मेडे’ ही संकटातील हाक, १२१.५ किंवा लष्करी २४३ मेगाहर्ट्‌झ). उड्डाण घेताच इंजिन बंद पडल्यास नाक खाली करून वेग राखायचा. कमी उंचीवर धावपट्टीकडे माघारी वळण्याचा मोह घातक. सुरुवातीची पावले तोंडपाठ असावी लागतात, कारण मळमळीत लक्ष टिकत नाही.

गिरकीतून (विमान गरगर फिरत खाली येण्यातून) सुटका विशेष फसवी असते. एकसारखे फिरत राहिल्यास सुमारे १० ते २० सेकंदांत नलिकांतील द्रव नलिकांबरोबरच फिरू लागतो व फिरण्याची जाणीव मावळते. गिरकी थांबताच विमान उलट दिशेने फिरते आहे असे वाटते. ते ‘सावरायला’ जाणारा मूळ गिरकीतच परत शिरतो. त्या क्षणी कानाचे न ऐकता वळणदर्शकाचा काटा पाहायचा असतो.