तंत्राच्या जुन्या आकृत्या

एखादं यंत्र चालतं कसं, आधी कसं होतं, पुढे कसं बदलत गेलं हे चित्रातून सांगणाऱ्या जुन्या आकृत्या, म्हणजे छेदचित्रं (आतलं दिसावं म्हणून वस्तू चिरून दाखवलेली), मशीन ड्रॉइंग, ब्लूप्रिंट, आलेख, भिंतीवर लावायचे तक्ते, असं सगळं यात येतं. इंजिनियरिंगच्या पोरांना यातलं निम्मं शिकवतात, पण मार्कांपुरतं, त्यात गोष्टपण असते हे कोणी सांगत नाही.

1556 साली छापलेलं अग्रिकोलाचं खाणकामावरचं लॅटिन पुस्तक ‘डे रे मेटालिका’ घ्या. लाकडी ठशांची चित्रं आहेत, डोंगर फणसासारखा मधोमध चिरलेला, आत पाणी उपसायचे पंप, दातेरी चाकं, भागाभागावर ए, बी, सी अशी अक्षरं आणि कोणतं अक्षर म्हणजे काय त्याची यादी. आणि माणसं भरपूर! कोणी चाक फिरवतोय, कोणी ओझं ओढतोय, त्यामुळे यंत्र केवढं होतं नि त्याला किती हात लागायचे हे न वाचताच कळतं. दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशात (1751 पासून, चित्रांचे खंड 1772 पर्यंत) बऱ्याच पानांवर वर चालू कारखाना आणि खाली तीच हत्यारं सुटी करून मांडलेली दिसतात.

नंतर मात्र ड्रॉइंगमधून माणूस गायबच झाला. कारण साधं आहे, अग्रिकोलाचं चित्र पाहून पंप समजतो पण तेवढ्यावरून माप घेऊन तसाच पंप बनवता येत नाही, आणि कारखान्यांना तेच हवं होतं, की एकाने काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्या गावच्या कारागिराने बघावं आणि पार्ट अचूक बसावा. म्हणून समोरून, वरून, बाजूने असे व्ह्यू आले, मापं आली. इंग्रज शास्त्रज्ञ हर्शेलने 1842 मधे शोधलेल्या निळ्या छपाईतून पुढे ब्लूप्रिंट निघाले आणि कॉप्या स्वस्त झाल्या.

वॉटच्या वाफेच्या इंजिनाची आकृती तर इंजिनच काढायचं. वाफेच्या दाबाने पेन्सिल वरखाली, दट्ट्याबरोबर कागद मागेपुढे, आणि एक बंद वळण उमटायचं, त्याच्या आतल्या क्षेत्रफळावरून काम किती झालं ते कळायचं. 1796 च्या सुमाराला वॉटचा सहायक सदर्नने हे जमवलं आणि कंपनीने बरीच वर्षं गुपित ठेवलं, धंदाच होता शेवटी.

नागपूरसारख्या जंक्शनच्या गावाला जवळची आकृती म्हणजे ट्रेन ग्राफ, जो फ्रान्समधे 19 व्या शतकातच वापरात होता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, गाडी म्हणजे तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी फास्ट, आडवी झाली की गाडी स्टेशनात उभी. सिंगल लाइनवर समोरासमोरच्या दोन रेघा स्टेशनातच छेदायला पाहिजेत, मधे छेदल्या तर समजून जा! कंट्रोल ऑफिसात वर्षानुवर्षं हे पट्टी-पेन्सिलने काढायचे, आता कॉम्प्युटरवर असतं, आकृती तीच.

सगळ्यात जपून बघायचा प्रकार म्हणजे ‘प्रगतीचा तक्ता’, डावीकडे जुनं-लहान, उजवीकडे नवं-मोठं, मधे बाण. दिसायला मस्त, पण तंत्र असं सरळ रांगेत चालत नाही. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल म्युझियममधे (2002 पासूनचं) ती छोटी इंजिनं पाहून वाटतं की आधी ही आली असतील, मोठी मागून. झालं उलटं. मुंबईकडून ब्रॉडगेज (रुंद रुळांची लाइन) नागपुरात 1867 लाच पोचली होती. मग 1880 च्या दशकात छत्तीसगडकडे मधल्या रुंदीची मीटरगेज टाकली, ती बंगाल नागपूर रेल्वेने लगेच ब्रॉड करून घेतली, आणि अडीच फुटी नॅरोगेज सातपुड्यात शिरली ती 1900 नंतर, कारण घाटात वळणं जास्त, माल-पॅसेंजर कमी, तिथे मोठ्या रुळाचा खर्च परवडत नव्हता. आता त्यातल्या बऱ्याच लाइनी ब्रॉड झाल्यात, म्हणजे खरा तक्ता काढायला बसलं तर बाण दोनदा मागे वळवावा लागतो.