कॅन चेपायचा की नाही?

शीतपेय संपलं की रिकामा कॅन टाचेखाली चेपायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. जागा वाचते, म्हणजे पुनर्चक्रीकरणाला मदतच झाली असं वाटतं. पण ती दर वेळी होतेच असं नाही. भंगार म्हणून नुसते कॅन वेगळे साठवून वजनावर द्यायचे असतील, तर खुशाल चेपा. कागद, प्लास्टिक, काच आणि कॅन एकाच पेटीत जात असतील, तर मात्र चेपू नका. तिथली यंत्रं आकार बघतात. सपाट वस्तू म्हणजे कागद, या हिशेबाने चपटा झालेला कॅन रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो. रिकामा कॅन घेऊन खरेदीच्या वेळची अनामत रक्कम परत देणाऱ्या यंत्रांनाही कॅनवरचा बारकोड वाचावा लागतो, त्यामुळे चेपलेला कॅन ती सहसा नाकारतात.

कॅनचं ॲल्युमिनियम लोहचुंबकाला चिकटत नाही. मग ते वेगळं कसं काढतात? सरकत्या पट्ट्याच्या टोकाला रोळात चुंबकं प्रचंड वेगाने फिरत असतात. सतत बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे कॅनच्या पत्र्यात वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते, तिचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र रोळाच्या क्षेत्राला विरोध करतं आणि कॅन टुणकन उडून पलीकडच्या कप्प्यात पडतो. मला या साखळीतली सगळ्यात देखणी पायरी हीच वाटते. उघडण्याची कडी मात्र तोडून टाकू नये. एवढासा तुकडा चाळणीतूनच खाली पडून कचऱ्यात जातो. कॅनला लागून राहिली, तर तीही भट्टीपर्यंत पोचते.

आता धुण्याबद्दल. साबण लावून घासायची काही गरज नाही. बाहेरचा रंग आणि आतला प्लास्टिकचा पातळ थर वितळवण्याआधी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतात, तिथे साखरेच्या ओघळाची काय कथा! उरलेल्या पेयाने बिघडतो तो शेजारचा कागद, आणि साठवणीत मुंग्या होतात. म्हणून भांडी विसळलेलं पाणीसुद्धा पुरतं. त्यानंतर कॅन उपडा ठेवून पूर्ण निथळू द्यावा, हे मात्र धुण्यापेक्षा महत्त्वाचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्या रसाखाली थोडं जरी पाणी सापडलं, तरी क्षणात त्याची वाफ होऊन ती हजारपटींहून अधिक फुगते आणि तप्त धातू चौफेर उडवते. शिवाय ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ज्वलनशील हायड्रोजन मोकळा होतो. अशा स्फोटांत कामगारांचे जीव गेले आहेत. कारखाने माल वाळवून घेतात, पण गठ्ठ्यात दाबून बसलेलं पाणी नजरेतून निसटू शकतं.

हा सगळा खटाटोप वीज वाचवण्यासाठी. बॉक्साइट या खनिजापासून मिळणाऱ्या ॲल्युमिनातून, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडातून, विद्युत अपघटनाने धातू काढायची पद्धत १८८६ सालची. आजही तिला दर किलोमागे सुमारे १३ ते १५ युनिट वीज लागते. जुना कॅन वितळवला, तर खनिजापासून नवा धातू बनवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास ९५ टक्के वाचते.

कॅनमध्ये खिळे, झाकणं, बॅटऱ्या कोंबू नयेत. रसात लोखंड मिसळलं, तर ते जाळून काढता येत नाही, कारण लोखंडाआधी ॲल्युमिनियमच ऑक्सिजनशी संयोग पावतं. मग शुद्ध धातू ओतून लोखंडाचं प्रमाण खाली आणणं, हाच मुख्य मार्ग उरतो आणि तो महाग असतो. डबा पोलादी असल्याची शंका आली, तर साधं चुंबक लावून बघा, चिकटला तर पोलाद. फवाऱ्याचे डबे ॲल्युमिनियमचे असले, तरी या ढिगात टाकू नका. आत दाब शिल्लक असेल, तर गठ्ठा बांधणाऱ्या यंत्रातच ते फुटतात.