दंड जबर ठेवला की सगळे नियम पाळतात?

‘दंड जबर ठेवा, लोक आपोआप सुधारतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हिशेब मात्र वेगळं सांगतो.

सहकार्यावरच्या प्रयोगांत वापरला जाणारा खेळ घरीही करता येतो. चौघांना प्रत्येकी 20 गुण द्या. त्यातले हवे तितके प्रत्येकानं मधल्या डब्यात टाकायचे, उरलेले स्वतःकडे ठेवायचे. डब्यात जमतील त्याच्या 1.6 पट करून चौघांत समान वाटा. सगळ्यांनी 20 टाकले, तर प्रत्येकाला 32. एकानं काहीच टाकलं नाही, तर डब्यातून प्रत्येकी 24 येतात, पण त्याच्याजवळ होतात 44. म्हणजे फुकटेपणाचा फायदा 12.

आता 50 गुणांचा दंड लावा, पण पाचातून एकदाच पकडा. सरासरी तोटा 10, म्हणजे अंग चोरणं अजूनही परवडतं. उलट 15 चा दंड, पण दर वेळी ठरलेला, तर ते परवडत नाही. पकडलं जाण्याची खात्री म्हणूनच इतकी महत्त्वाची.

शिवाय दंड फार मोठा असला की तो लावायला कुणी धजत नाही, ओळखीपाळखीत तर नाहीच. पाणीवाटपाच्या टिकलेल्या गावव्यवस्थांत म्हणून आधी समज, मग छोटा दंड, आणि पुन्हा पुन्हा चुकणाऱ्यालाच जड शिक्षा, असा चढता क्रम आढळतो.