दाढीचा ब्रश : संग्रह आणि नित्य वापर

साबण किंवा क्रीम पाण्यात घोळून तिचा फेस करणे आणि तो खुंटांच्या मुळाशी घासून बसवणे, यांसाठी वापरला जाणारा आखूड मुठीचा, गोल व दाट केसांचा ब्रश. छंद म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांत दोन प्रवाह आहेत : ब्रश कोरा जपणारे आणि ब्रश रोज भिजवणारे. हा भेद निव्वळ आवडीनिवडीचा नाही. पाण्याचा केसांवर, गुच्छ धरून ठेवणाऱ्या गोंदावर आणि मुठीवर जो परिणाम होतो, त्यातून तो निर्माण झाला आहे. प्रस्तुत नोंदीत नाशिकचे पाणी, हवामान आणि कारागिरी डोळ्यांपुढे ठेवून या दोन्ही प्रवाहांचा विचार केला आहे.

उगम : १८व्या शतकाच्या मध्यास, साधारण १७५० च्या सुमारास, हा ब्रश फ्रान्समध्ये प्रचारात आला असे बहुधा सांगितले जाते. ‘ब्लेरो’ हा फ्रेंच शब्द बॅजर या प्राण्याला आणि दाढीच्या ब्रशला असा दोहोंना लागतो, हा त्याचा मुख्य आधार. तथापि चित्रकार ओले रंग एकमेकांत मिसळण्यासाठी जो मऊ ब्रश वापरतात, त्यालाही फ्रेंचमध्ये ब्लेरोच म्हणतात. त्यामुळे एखाद्या जुन्या यादीत हा शब्द आढळला, तर तो दाढीच्याच ब्रशचा उल्लेख आहे असे धरून चालता येत नाही. त्यापूर्वी यूरोपातील न्हावी गळ्याशी बसेल अशी अर्धगोल खाच असलेले पसरट भांडे वापरीत आणि त्यातील साबण हाताने चोळीत. हात जाऊन ब्रश एका विशिष्ट वर्षी आला, असे मानण्यापेक्षा दोन्ही पद्धती काही पिढ्या शेजारी शेजारी चालल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमधील केंट या ब्रश बनवणाऱ्या पेढीची स्थापना १७७७ ची आणि पॅरिसच्या प्लिसाँची १८०८ ची आहे. तेव्हा १९व्या शतकाच्या आरंभी हा व्यवसाय स्थिरावलेला होता, एवढे निश्चित. संग्राहकांना परिचित असलेल्या इतर नावांपैकी सिम्पसन (१९१९), पोर्तुगालची सेमोग (१९३०), इटलीची ओमेगा (१९३१) आणि जर्मनीची म्यूले (१९४५) या पेढ्या २०व्या शतकातील आहेत.

महाराष्ट्रात परंपरागत श्मश्रू पाण्यावरच होत असे. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, आरसा, नराणी आणि पाण्याची वाटी असे. बोटांनी पाणी चोळून खुंट नरम केले जात. नाशिकच्या रामकुंडावरील क्षौरात आजही प्रायः पाणी आणि पातेच चालते. साबणाचा फेस आणि ब्रश ही जोडी इंग्रजी अमलात रुळली. ब्रिटिश सैनिकाच्या कापडी गुंडाळीत वस्तरा, कंगवा आणि चमचा यांबरोबर दाढीचा ब्रशही असे, हे लक्षात घेता शेजारच्या देवळाली छावणीतून ही वस्तू या भागात आली असणे संभवते. अशा लष्करी ब्रशच्या मुठीवर बाणाच्या टोकासारखे सरकारी मालकीचे चिन्ह कोरलेले असते. जुन्या सामानात लाकडी मुठीचा राठ केसांचा ब्रश मिळाल्यास आधी हे चिन्ह पाहावे.

काळपुळीचे प्रकरण : संग्रहाच्या दृष्टीने पहिल्या महायुद्धाचा काळ फार महत्त्वाचा ठरतो. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा विस्कळित झाला आणि आशियातून आलेले घोड्याचे केस रंगवून, बॅजरची नक्कल करून ब्रश बनू लागले. निर्जंतुक न केलेल्या केसांतून काळपुळीचे (अँथ्रॅक्स) बीजाणू वस्त्र्याने सूक्ष्म जखमा झालेल्या त्वचेत शिरले. अमेरिका व ब्रिटनमध्ये सैनिक आणि नागरिक मिळून २०० हून अधिक रुग्णांचा संबंध अशा ब्रशांशी जोडला गेला. ब्रिटनने १९१९ मध्ये काळपुळी प्रतिबंधक कायदा केला आणि पुढच्या वर्षी जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. हे बीजाणू कोरड्या अवस्थेत दीर्घकाळ टिकतात. साबणाने धुऊन किंवा कढत पाण्यात बुडवून ते नष्ट होतील याचा भरवसा नाही. आज जुन्या ब्रशपासून प्रत्यक्ष धोका अत्यल्प मानला जातो. तरीही १९३० पूर्वीचा, केसांचे मूळ न कळणारा ब्रश चेहऱ्याला लावू नये. तो कोरा ठेवावा किंवा मूठ राखून गुच्छ नवा बसवावा.

रचना आणि मापे : ब्रशचे दोनच भाग असतात, मूठ आणि गुच्छ. गुच्छाचा मुठीजवळील व्यास २० ते ३० मिमी. असतो, रोजच्या वापराला २२ ते २६ मिमी. सोयीचा. मुठीबाहेर दिसणाऱ्या केसांची उंची सामान्यतः ४५ ते ५५ मिमी. असते. ब्रशचा स्वभाव या दोन मापांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. २४ मिमी. व्यासाला ५० मिमी. उंची म्हणजे मध्यम ताठपणा. तोच गुच्छ ४५ मिमी.वर बसवला, तर साबणाच्या वडीवर चांगला चालतो पण चेहऱ्याला टोचू शकतो, ५५ मिमी.वर ठेवला, तर वाटीत फेस करायला उत्तम, मात्र दाबल्यावर लवतो. माथ्याच्या आकारावरून घुमटाकार व पंख्यासारखे असे प्रकार करतात.

केसांचे प्रकार चार. डुकराचे राठ केस स्वस्त असतात आणि त्यांची टोके निसर्गतःच दुभंगलेली असतात. वापराने ती आणखी फाटत जाऊन मऊ होतात. बॅजरचा केस मधे जाड व टोकाला निमुळता असतो. घोड्याचा केस या दोहोंच्या मधला. चौथा प्रकार कृत्रिम धाग्यांचा. तो पाणी शोषत नाही, म्हणून भिजत घालावा लागत नाही आणि लवकर वाळतो. बॅजरच्या ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रती कोणत्याही सर्वमान्य मानकावर आधारलेल्या नाहीत. एका पेढीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा सरस असू शकतो. रंगवलेले डुकराचे केस बॅजर म्हणून विकले जातात, तेव्हा भिंगाखाली टोक पाहावे : दुभंगलेले असेल तर डुकराचे, सुईसारखे निमुळते असेल तर बॅजरचे. जाळून पाहण्याची पद्धत येथे अपुरी आहे. जळक्या केसांचा वास दोन्ही प्राण्यांच्या केसांना सारखाच येतो. त्या परीक्षेत फक्त कृत्रिम धागा ओळखू येतो, कारण तो वितळून कठीण मणी बनतो.

कोरा की वापरातला : नाण्यांच्या संग्राहकाला हा वाद परिचित आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था असल्यामुळे, नाणे घासून लख्ख केले की त्याचे मोल उतरते, हे या भागातील हौशी मंडळींना वेगळे सांगावे लागत नाही. हाच न्याय ब्रशला लावणारे म्हणतात की एकदा भिजला की ब्रश कोरा राहत नाही. डुकराच्या केसांबाबत हे अक्षरशः खरे आहे, कारण फाटलेले टोक पुन्हा सांधत नाही. परंतु नाण्याशी केलेली ही तुलना पुरती जुळत नाही. नाण्याचा छाप न वापरताही वाचता येतो. ब्रशचा ताठपणा, पाणी धरण्याची शक्ती आणि टोकांचा मऊपणा हे गुण मात्र भिजल्यावरच कळतात. शिवाय कोरा ठेवल्याने केस सुरक्षित राहतात असेही नाही. कपड्यांना लागणारी कसर आणि गालिच्यात होणारे भुंगेरे यांच्या अळ्या केसांतील केराटिनावर जगतात आणि पेटीत पडून असलेला ब्रश त्यांना अबाधित मिळतो. रोज धुतल्या जाणाऱ्या ब्रशला कसर लागत नाही. या सर्वांचा विचार करता मूठ जपावी आणि गुच्छ वापरावा, ही भूमिका अधिक टिकणारी दिसते. गुच्छ हा मुळातच झिजण्यासाठी असतो आणि बदलता येतो.

नित्य वापर : राठ केसांचा ब्रश कोमट पाण्यात ३ ते ५ मिनिटे, बॅजर १ मिनिट बुडवावा. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे. कढत पाण्याने केस ठिसूळ होतात आणि गोंदही सैलावतो. बुडवताना पाणी केसांपुरतेच असावे, मूठ बाहेर राहावी. नंतर दोनतीनदा झटकून वडी साबणावर २० ते ३० सेकंद फिरवावा किंवा वाटीत बोराएवढी क्रीम घ्यावी. पाणी अर्धा-अर्धा चमचा करून घालावे. फेसात मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले किंवा साबण कमी पडला. फेस चिकट राहून चेहऱ्यावर वाळू लागला तर पाणी कमी पडले. चेहऱ्यावर आधी गोल फिरवून केस उभे करावेत आणि शेवटी रंग दिल्यासारखे सरळ हात मारावेत. जोरात दाबून गोल घुसळल्यास मधले केस मुळाशी तुटतात आणि गुच्छाच्या मध्यभागी खळगा पडतो. हा दोष दुरुस्त होत नाही.

नव्या राठ ब्रशला रुळायला १० ते २० वेळा फेस काढावा लागतो. पहिल्या आठवड्यात दररोज चारपाच केस गळणे स्वाभाविक. महिन्यानंतरही गळती थांबली नाही, तर गोंद केसांच्या बुडाशी नीट मुरलेला नाही असे समजावे.

पाण्याची कठीणता : नाशिक शहराला महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून मिळते. मात्र अनेक सोसायट्यांत विंधन विहिरीचे पाणी मिसळले जाते आणि बेसाल्ट खडकातील या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. फेस नीट होत नाही याचे खापर नेहमी पाण्यावर फुटते. हिशेब थोडा वेगळा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिग्रॅ. आणि पर्याय नसल्यास ६०० मिग्रॅ. आहे. २०० मिग्रॅ. कठीणतेचे एक लिटर पाणी सुमारे १.२ ग्रॅ. साबण निकामी करते. दाढीच्या फेसाला जेमतेम ३० मिलि. पाणी लागते, म्हणजे वाया जाणारा साबण ४० मिग्रॅ.च्या आत, तो जाणवतही नाही. खरे नुकसान ब्रश धुताना होते. तेव्हा एक-दोन लिटर पाणी गुच्छातून जाते आणि उरलेला साबण न विरघळणाऱ्या चोथ्याच्या रूपाने केसांच्या बुडाशी बसतो. काही महिन्यांत बूड पांढुरके व कडक होते, केस नीट मिटत नाहीत आणि गुच्छाला कुबट वास येतो.

उपाय सोपा आहे. शेवटचा पेलाभर पाण्याचा हात शुद्धीकरण यंत्रातील किंवा उकळून निवळलेल्या पाण्याचा द्यावा. बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता उकळल्याने बरीच कमी होते. दोन महिन्यांतून एकदा एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी यांत केस ५ मिनिटे ठेवून बोटांनी बूड चोळावे, मग सौम्य साबणाने धुवावे. पितळी किंवा शिंगाची मूठ या द्रावणात बुडू देऊ नये.

वाळवणे व आळीपाळी : ब्रश उलटा टांगावा की उभा ठेवावा, यावर बरेच लिहिले गेले आहे. नीट झटकलेल्या ब्रशमध्ये उरलेले पाणी केसांच्या दाटीत केशाकर्षणाने धरलेले असते. ते निथळून नव्हे तर बाष्पीभवनानेच जाते. त्यामुळे वाऱ्याची जागा महत्त्वाची, दिशा नव्हे. बंद न्हाणीघरात टांगलेल्या ब्रशपेक्षा खिडकीत उभा ठेवलेला आधी वाळतो. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात बॅजरचा दाट गुच्छ एका दिवसात आतपर्यंत सुकतो, तेव्हा रोज दाढी करणाऱ्याला दोन ब्रश पुरतात. आषाढ-श्रावणात तोच गुच्छ दुसऱ्या दिवशीही बुडाशी ओलसर लागतो; त्या काळात तीन ब्रश आळीपाळीने वापरावेत किंवा कृत्रिम धाग्याचा काढावा. ओला ब्रश डबीत बंद करणे हे बुरशीचे सर्वांत सामान्य कारण होय.

मुठी : संग्राहकांची खरी ओढ जुन्या मुठींकडे असते. बेकलाइट या प्लॅस्टिकाचा शोध १९०७ चा. त्याच कुळातील ओतीव, अर्धपारदर्शक कॅटॅलिनच्या पांढुरक्या मुठी हवेने पिवळ्या पडत जाऊन लोण्याच्या टॉफीसारख्या रंगाच्या होतात. हा रंग घासून काढू नये. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकाच्या मुठीला घासल्यावर कापराचा वास येतो. ती कालांतराने विघटित होऊन आम्लधर्मी वाफा सोडते आणि शेजारच्या धातूच्या मुठी गंजवते, म्हणून वेगळी व हवेशीर ठेवावी. डांबराच्या गोळ्या कसरीला रोखतात, पण काही प्लॅस्टिकांचा पृष्ठभाग त्यांनी चिकट होतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा पेटी उघडून केस विंचरावेत. हस्तिदंती मुठीचा व्यापार भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली निषिद्ध आहे.

गुच्छ बदलणे : जुने केस मुठीलगत कापून बुडखा मधून बाहेरच्या दिशेने हळूहळू कोरून काढतात. खाच गुच्छाच्या बुडापेक्षा अर्धा ते एक मिमी. मोठी हवी. गोंद लावण्यापूर्वी गुच्छ कोरडाच बसवून उंची मोजतात. जास्त खोल जात असेल, तर खाली धातूच्या चकत्या घालतात. त्यानंतर सावकाश घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी गोंद पातळ थरात लावून २४ तास हलवू नये. गोंद जास्त झाल्यास केसांत चढतो आणि बुडाशी दगडासारखी गाठ बसते.

सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे लेथवरचे कुशल हात नाशिकमध्ये सहज मिळतात, म्हणून नवी मूठ करून घेणेही अवघड नाही. शिसवीच्या लाकडात तेलकटपणा असतो. खाच स्पिरिटने पुसल्याशिवाय गोंद धरत नाही. सागवानी मुठीला खाचेच्या आतूनही वॉर्निशचा हात हवा; अन्यथा पाणी आतून मुरते, लाकूड फुगते आणि तोंडाशी उभी चीर जाते. पितळेची भरीव मूठ ओल्या हातातून निसटते व ब्रश खाली आपटतो. ती आतून पोकळ कातावी आणि मधोमध बारीक खाचा पाडून घ्याव्यात.